खोक्यावरचा आकडा: रॅम, वेग आणि सांगलीचा मे महिना

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच जवळजवळ ठेवलंय. मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या त्या आणि माझे दर वाक्याला येणारे 'म्हणजे' तेवढे काढलेत.

आपण इथं इतिहासाच्या गोष्टी करतो. आजचा इतिहास गड-किल्ल्यांचा नाही, कॉम्प्युटरच्या मेमरीचा आहे. आणि तो मी का वाचायला बसलो, तर माझ्या हातून एक चूक झाली म्हणून. त्या चुकीपासूनच सुरू करतो.

मामांचा कॉम्प्युटर

मी मूळ साताऱ्याचा. बीटेकला सांगलीत होतो, आता नोकरी पुण्यातली पण आठवड्यातले निम्मे दिवस घरून. माझे मामा सांगलीतच विश्रामबागला राहतात आणि लग्नाचे फोटो काढतात. पंचवीस वर्षं हेच काम. सांगली, तासगाव, पलूस, विटा, सगळीकडची लग्नं त्यांनी केलीत. घरात एक इंजिनिअर असला की कॉम्प्युटरचं खातं आपोआप त्याच्याकडे येतं, तसं ते माझ्याकडे आलं.

२०२० च्या दिवाळीत मी मामांना नवा कॉम्प्युटर जोडून दिला. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम स्टिक, डीडीआर४, खोक्यावर मोठ्या अक्षरात ३६००. जोडून झाल्यावर बायोसमध्ये गेलो, एक्सएमपी नावाचा पर्याय चालू केला, स्क्रीनवर ३६०० दिसलं, मी खूश. मामांना म्हटलं, "मामा, फुल स्पीडला लावलाय बघा." मामांनी चहा मागवला.

अडीच वर्षं काही तक्रार नाही. मग व्हिडिओचं काम वाढलं, १६ जीबी पुरेना. मार्च २०२३ मध्ये मी साताऱ्याला पोवई नाक्याजवळच्या एका दुकानातून तश्शाच आणखी दोन स्टिक घेतल्या. तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर, तोच ३६००. गाडीनं सांगलीला गेलो, बसवल्या, ३२ जीबी दिसली, परत आलो. तपासलं काय? काही नाही. विंडोज सुरू झालं म्हणजे झालं.

मे महिन्यात मामांचा फोन. "अरे, पलूसच्या लग्नाचे फोटो बघ की जरा. अर्धा फोटो नीट दिसतोय आणि खाली नुसता गुलाबी पट्टा."

मंडळी, ते फोटो मी बघितले आणि पोटात गोळा आला. एखाददुसरा नव्हता. शंभराच्या वर होते. आणि मामांनी नेहमीच्या शिस्तीप्रमाणे कार्डवरून कॉम्प्युटरवर कॉपी केली होती, त्या कॉपीवरून बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतला होता, आणि कार्ड पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट केलं होतं. म्हणजे बॅकअपसुद्धा बिघडलेल्या फोटोंचाच.

आधी सगळ्यांवर संशय

अशा वेळी माणूस आधी कुणाला धरतो? मामांनी कार्डला धरलं. मी कार्ड रीडरला धरलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यांनी व्हायरसला धरलं. नवं कार्ड आणलं, नवा रीडर आणला, हार्ड डिस्क तपासली, विंडोज पुन्हा टाकलं. आठवडा गेला. फोटो अधूनमधून बिघडतच राहिले. दोन-तीनदा निळी स्क्रीन आली आणि प्रत्येक वेळी त्यावरचा संदेश वेगळा. हे लक्षात ठेवा. बिघाड एकाच ठिकाणचा असेल तर मशीन सहसा एकच रडगाणं गातं. दर वेळी वेगळं रडगाणं असेल तर मेमरीकडे बघायचं.

मला खरा धागा मिळाला तो एका साध्या परीक्षेतून. एक मोठी व्हिडिओ फाइल घेतली आणि तिचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइल तीच असेल तर ठसा तोच यायला हवा, हजार वेळा काढला तरी. मी पाच वेळा काढला. तीन वेळा एक ठसा, दोन वेळा वेगळेच. डिस्कवरची फाइल कुणी बदलत नव्हतं. डिस्कवरून वाचून प्रोसेसरपर्यंत जाताना वाटेत काहीतरी बदलत होतं. आणि त्या वाटेवर बसलेली असते रॅम.

म्हणजे गुन्हेगार मी बसवलेल्या, मी 'फुल स्पीडला' लावलेल्या त्या स्टिक. पुढच्या शुक्रवारी मी सातारा स्टेशनवरून मिरजेकडची गाडी पकडली.

पाटीवरचा आकडा

या लाइनवर कराड, ताकारी गेलं की किर्लोस्करवाडी लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर हा कारखाना उभा केला. जागा औंध संस्थानची, दिली तिथल्या पंतप्रतिनिधींनी. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. लोखंडी नांगरापासून सुरुवात झाली, पुढं पंप आले. आमच्या भागात शेतकऱ्याला विचारा, पंपावर एक पत्र्याची पाटी असते. तिच्यावर अश्वशक्ती, व्होल्टेज, किती उंचीवर किती पाणी, सगळं कोरलेलं. पाच एचपीचा पंप पाच एचपी कधी देतो? पाटीवर लिहिलेला दाब मिळाला तर. रात्री तीन फेजपैकी एकीचा जीव गेला असेल तर तो पाच एचपी कागदावर. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. त्याच्या लेखी पाटीवरचा आकडा हा अटींसकट वाचायचा असतो.

मी बीटेक झालेला माणूस. पण रॅमच्या खोक्यावरचा आकडा मी अटी न वाचता घेतला होता. गाडीत बसल्या बसल्या मी त्या अटी शोधायला लागलो, आणि शोधता शोधता सत्तर वर्षं मागं गेलो.

मुद्दाम त्रास देऊन बघण्याची पद्धत

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हर्लविंड नावाचा कॉम्प्युटर होता. हजारो व्हॅक्यूम ट्यूबचा. इतक्या ट्यूबमध्ये रोज कुठली ना कुठली मरणार. चालू कामात मेली तर उत्तर चुकणार, आणि ते चुकलंय हे कळणारही नाही. तिथल्या इंजिनिअरांनी एक युक्ती काढली: काम सुरू करण्याआधी मशीनचं व्होल्टेज मुद्दाम थोडं खाली-वर करायचं. धडधाकट ट्यूब तेवढं सोसते. थकलेली ट्यूब लगेच चुकते. चुकली की ती आत्ताच बदलून टाकायची, कामात दगा द्यायच्या आधी. याला त्यांनी मार्जिनल चेकिंग म्हटलं. मार्जिन म्हणजे कडेला सोडलेली जागा, वहीच्या समासासारखी.

मला ही कल्पना फार आवडली. मशीन आज चालतंय का, एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. ते कोसळण्यापासून किती अंतरावर उभं आहे, हे त्यांना मोजायचं होतं.

याच व्हर्लविंडवर जे फॉरेस्टर यांच्या गटानं १९५३ मध्ये फेराइट कोअरची मेमरी बसवली. मण्यांएवढी चुंबकी कडी, त्यातून ओवलेल्या तारा. प्रत्येक कडीत एक बिट. कडी उलटवायची असेल तर एका आडव्या तारेतून अर्धा करंट आणि एका उभ्या तारेतून अर्धा करंट सोडायचा. जिथं दोन्ही तारा भेटतात त्याच कडीला पूर्ण करंट मिळतो आणि तीच उलटते. चिखलात रुतलेली गाडी एकट्यानं ढकलून हलत नाही, दोघांनी लावली की हलते, तसं.

आता गंमत बघा. करंट कमी पडला तर हवी ती कडी उलटत नाही. जास्त झाला तर एकट्या अर्ध्या करंटनंच शेजारच्या नको त्या कड्या हलायला लागतात. आणि कडी तापली की ती अजून सहज उलटते, म्हणजे कालचा बरोबर करंट आज जास्त ठरतो. म्हणून काही मोठ्या मशीनमध्ये ही मेमरी तेलात बुडवून ठरावीक तापमानाला ठेवायचे.

साठच्या दशकात या मेमरीची परीक्षा घेणाऱ्यांनी आलेख काढायला सुरुवात केली. एका बाजूला एक करंट किंवा व्होल्टेज, दुसऱ्या बाजूला दुसरं. जिथं मेमरी चालली तिथं खूण. खुणा भरत गेल्या की मधोमध एक फुगीर आकार तयार व्हायचा. तो एका अमेरिकन कार्टूनमधल्या श्मू नावाच्या गोलमटोल प्राण्यासारखा दिसायचा, म्हणून नाव पडलं श्मू प्लॉट. आजही चिपच्या कारखान्यात हेच नाव चालतं. त्यातलं शहाणपण एवढंच: मशीन त्या आकाराच्या मधोमध चालवायचं, काठावर नाही.

आपल्याकडची कोअर मेमरी

हे सगळं परदेशातलंच नाही बरं का. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटानं स्वतःचा कॉम्प्युटर बांधला. आधी १९५६ मध्ये लहान प्रायोगिक मशीन, मग १९६० मध्ये पूर्ण आकाराचं. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि मेमरी फेराइट कोअरची: ४० बिटचे २,०४८ शब्द.

हिशोब करा. २,०४८ गुणिले ४०, म्हणजे ८१,९२० बिट. दहा किलोबाइट. मामांच्या बिघडलेल्या एका फोटोच्या शंभराव्या भागालाही ती पुरली नसती. पण तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे खरी कडी, डोळ्यांना दिसणारी. शंका आली तर मोजायंत्र लावून त्या तारेचा करंट बघता यायचा. मामांच्या मशीनमधल्या ३२ जीबीत सत्तावीस हजार कोटींच्या वर बिट आहेत. त्यातला कुठला चळला, हे डोळ्यांनी कुणाला दिसणार?

गळके माठ

कड्या गेल्या त्या रॉबर्ट डेनार्ड यांच्यामुळं. आयबीएममध्ये असताना १९६६ मध्ये त्यांना सुचलं की एक ट्रान्झिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर एवढ्यात एक बिट मावतो. १९६८ मध्ये पेटंट मिळालं, १९७० मध्ये इंटेलनं ११०३ नावाची एक किलोबिटची डायनॅमिक रॅम चिप विकायला काढली, आणि काही वर्षांत कोअरचा जमाना संपला.

पण हा कपॅसिटर म्हणजे उन्हाळ्यातला माठ. पाणी झिरपतंच. भरलेला माठ म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य, असं ठरवलं तर माठ निम्म्यावर यायच्या आत कुणीतरी येऊन तो पुन्हा भरायला हवा. रॅममध्ये हे सतत चालू असतं. डीडीआर४ मध्ये साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक माठ एकदा भरला गेला पाहिजे असा नियम आहे. चिप ८५ अंशांच्या वर तापली तर ३२ मिलिसेकंदांत, कारण उष्णता वाढली की झिरपणंही वाढतं.

१९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. रॅममधले काही बिट काहीच कारण नसताना उलटत होते. चिप धडधाकट. कारण निघालं चिपच्या वरच्या सिरॅमिकच्या आवरणात: त्यात युरेनियम आणि थोरियमचा अगदी किंचित अंश होता, त्यातून निघणारे अल्फा कण माठ रिकामे करत होते. म्हणजे एकही वस्तू 'खराब' नसताना मेमरी चुकू शकते.

यावर उपाय त्याच्याही आधीचा आहे. बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी मशीनवर काम लावून जायचे आणि सोमवारी येऊन बघायचे तर मशीननं चूक सापडली म्हणून काम सोडून दिलेलं. त्यांना प्रश्न पडला, मशीनला चूक झालीय हे कळतं, तर कुठं झालीय हे का कळू नये? १९५० मध्ये त्यांनी चूक शोधून दुरुस्त करणारा कोड छापला. आजच्या सर्व्हरमधली ईसीसी रॅम त्याच वंशातली. मामांच्या कॉम्प्युटरमध्ये ती नव्हती. आपल्या घरातल्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये नसते.

३६०० कुणी ठरवला?

आता खोक्याकडे येऊ. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरचा बस १०० मेगाहर्ट्झला न्यायचा होता. इंटेलनं पीसी१०० नावाची सविस्तर अट घातली: तारा किती लांब, वेळा किती, आणि स्टिकवर एक चिमुकली चिप, जिच्यात स्टिकनं स्वतःची माहिती लिहून ठेवायची. तिला एसपीडी म्हणतात. मशीन सुरू होताना बायोस ती माहिती वाचतो आणि त्याप्रमाणे चालवतो. हे प्रमाण ठरवण्याचं काम जेडेक नावाची संस्था करते, तिथं सगळे उत्पादक एकत्र बसून ठरवतात. डीडीआर४ ची जेडेकची यादी १६०० पासून सुरू होते आणि ३२०० ला संपते.

३६०० त्या यादीत नाहीच.

मग तो आला कुठून? २००६ मध्ये एनव्हिडिया आणि कॉर्सेअर यांनी, आणि २००७ मध्ये डीडीआर३ सोबत इंटेलनं, त्या चिमुकल्या चिपमध्ये आणखी एक पान जोडलं. त्यात जेडेकच्या पलीकडचा वेग, त्यासाठी लागणारं जास्त व्होल्टेज, आणि वेळा. इंटेलचं ते पान म्हणजे एक्सएमपी. डीडीआर५ च्या काळात एएमडीनं आपलं एक्स्पो आणलं. जेडेकची डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, आमचं ३६०० चं पान १.३५ मागत होतं. एक्सएमपी चालू करणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, फक्त ते एका बटणात बसवलंय म्हणून तसं वाटत नाही.

आणि तो आकडा स्टिक बनवणाऱ्याचा. तो म्हणतो, माझ्या स्टिक, या खोक्यातल्या जोडीनं, एवढ्या वेगानं चालतात. पण रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो, एएमडीच्या २००३ पासून आणि इंटेलच्या २००८ पासून. मधला रस्ता मदरबोर्डचा. म्हणजे एका वेगाला तीन जण जबाबदार, आणि खोक्यावर सही एकाची. मामांचा प्रोसेसर रायझन ३००० मालिकेतला. त्याचा अधिकृत वेग दोन स्टिकना ३२००. चार सिंगल रँक स्टिक लावल्या तर २९३३. हे एएमडीच्या तक्त्यात लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

चारला कमी का? ३६०० ला एका बिटसाठी मिळणारा वेळ सुमारे २७८ पिकोसेकंद. एवढ्यात प्रकाशसुद्धा साधारण आठ सेंटीमीटर जातो, आणि स्टिकच तेरा सेंटीमीटर लांब आहे. त्यात एकाच तारेवर एकाऐवजी दोन स्टिक लटकवल्या की सिग्नल जास्त फाकतो, परत उलटून येतो, एकमेकांत मिसळतो. २९३३ ला तोच वेळ ३४१ पिकोसेकंद होतो. त्रेसष्ट पिकोसेकंदांचा समास. एवढ्याशा जागेवर पलूसचं लग्न अवलंबून होतं.

दोन रात्री, एक दुपार

सांगलीला पोचलो ते मेमटेस्ट८६ प्लसचा पेनड्राइव्ह घेऊनच. मूळ मेमटेस्ट८६ क्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलं, प्लस हे त्याचंच पुढं वेगळं निघालेलं भावंड. ते विंडोजच्या बाहेर चालतं, प्रत्येक माठात ठरलेला नमुना भरतं आणि परत वाचून बघतं.

शुक्रवारी रात्री चारही स्टिक, ३६००. वीस मिनिटांत लाल ओळी. ठीक, म्हटलं, नव्या दोनपैकी एखादी खराब असणार. एकेक स्टिक एकटी लावली, एकाच खाचेत. चारही निर्दोष. जुनी जोडी ३६०० ला निर्दोष. नवी जोडी निर्दोष. चारही एकत्र केल्या की लाल. मामा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "म्हणजे चौघंही चांगले, पण एका घरात नांदत नाहीत." इतकं नेमकं निदान मला जमलं नसतं.

व्होल्टेज थोडं वाढवून बघितलं. लाल ओळी उशिरा आल्या, पण आल्या. मग ३२०० केलं आणि झोपलो. शनिवारी सकाळी चार फेऱ्या पूर्ण, शून्य चुका. मी जिंकल्याच्या थाटात पोहे खाल्ले.

पण गाडीत वाचलेलं ते मार्जिनल चेकिंग डोक्यात होतं. रात्री खिडक्या उघड्या होत्या, पंखा चालू होता. मामा काम करतात दुपारी. आणि मे महिन्यातली सांगलीची दुपार म्हणजे चाळीसच्या आसपास. त्यात कॅबिनेट टेबलाखालच्या लाकडी कपाटात, धूळ नको म्हणून दार बंद. मी म्हटलं, मशीनला मुद्दाम त्रास देऊन बघू. दुपारी एकला कपाटात ठेवलं, दार लावलं, टेस्ट लावली. पावणेतीनला पहिली लाल ओळ. तोच ३२००, जो रात्री स्वच्छ होता.

गूगलच्या सर्व्हरवर २००९ मध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात तापमानाचा चुकांवर फारसा परिणाम दिसला नव्हता. मी त्याचा अर्थ असा लावतो की समास भरपूर असेल तर ऊन सोसतं. काठावर उभं असाल तर चार अंशही पुरतात.

मग २९३३. तक्त्यातला वेग, तक्त्यातलं १.२ व्होल्ट. शनिवारची उरलेली दुपार, रात्र, आणि रविवारची दुपार कपाटात दार लावून. शून्य. मग ती व्हिडिओ फाइल काढली आणि पन्नास वेळा हॅश घेतला. पन्नास वेळा एकच ठसा.

फोटोंच्या कामात वेग किती कमी झाला म्हणाल, तर मामांना कळला नाही. मी सांगितल्यावरही कळला नाही.

जे परत आलं नाही

फोटोंचं काय झालं? कॅमेऱ्यात दुसरं कार्ड होतं, त्यावर लहान आकाराचे जेपीईजी पडत होते. तेही पुढच्या लग्नात वापरलं गेलं होतं, पण पूर्ण भरलं नव्हतं. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं बरेचसे निघाले. मोठ्या छपाईला कमी पडतील असे, पण अल्बमला चालतील असे. सात फोटो नाहीच आले. त्यातला एक नवरीचे आजोबा खुर्चीत बसून अक्षता टाकतानाचा. ते आजारी होते, तेवढ्यापुरते मांडवात आणले होते.

मामा स्वतः पलूसला गेले. मी म्हटलं, मी येतो, चूक माझी आहे. ते म्हणाले, "फोटो मी काढले, मीच सांगणार. तू मशीन बघ." त्या घरच्यांनी अल्बमचे पैसे पूर्ण दिले. मामांनी निम्मे परत पाठवले. या विषयावर आमचं परत बोलणं झालं नाही.

या भागात मी दोष ना कुठल्या कंपनीला देतोय, ना दुकानदाराला. स्टिक चारही चांगल्या होत्या. दुकानदारानं मागितली ती वस्तू दिली. बटण मी दाबलं आणि तपासलं नाही. बंद पडणारा कॉम्प्युटर प्रामाणिक असतो, तो सांगतो तरी. आमचा चालत होता आणि खोटं लिहित होता.

तर तुमच्याकडे असा संशय आला तर एवढं करा. नवी रॅम बसवली की एक रात्र आणि एक दुपार मेमटेस्ट. चुका आल्या तर एकेक स्टिक वेगळी, मग जोडी, मग सगळ्या. एक्सएमपी बंद करून जेडेकच्या वेगावर बघा; तिथंही चूक आली तर स्टिक, खाच किंवा कंट्रोलर खरंच खराब, वॉरंटीत द्या. तिथं चूक नसेल तर वेग एक पायरी उतरवा, आणि जिथं पास होईल त्याच्याही एक पायरी खाली राहा. शक्यतो सगळ्या स्टिक एकाच खोक्यातल्या घ्या. आणि कार्ड फॉरमॅट करण्याआधी कॉपीचा ठसा मूळ फाइलच्या ठशाशी जुळवून बघा. मामांसाठी मी आता तेवढं करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिलाय. जुळलं की हिरवं, नाही तर तांबडं. हिरवं दिसल्याशिवाय मामा कार्डला हात लावत नाहीत.

कपाटाचं दारही काढून टाकलंय. कॅबिनेटवर मामांनी मार्करनं लिहून एक चिकटपट्टी लावलीय: २९३३. खाली बारीक अक्षरात, हात लावू नये. ती कुणासाठी आहे हे मला विचारायची गरज पडली नाही.